हाकेला उत्तर न देणारे जहाज

भर समुद्रात एखादे व्यापारी जहाज युद्धनौकेच्या हाकेला उत्तर देत नाही, तेव्हा त्या मौनाचा अर्थ लावणे हेच मला सर्वांत अवघड काम वाटते. जहाज चाच्यांच्या ताब्यात असेल, त्यावर तस्करीचा माल असेल. पण रेडिओचा आवाज नुसता कमी ठेवलेला असेल, किंवा ही हाक दुसऱ्याच कोणाला आहे असा पहाऱ्यावरील अधिकाऱ्याचा समज झाला असेल, हेही तितकेच शक्य असते. म्हणूनच जहाजांच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक देताना जहाजाचे नाव घ्यावे लागते आणि नाव कळत नसेल, तर त्याचे अक्षांश-रेखांश, दिशा व वेग सांगावा लागतो.

त्यानंतरही उत्तर आले नाही, तर ‘एल’ अक्षराचा पिवळ्या-काळ्या चौकोनांचा ध्वज फडकवतात, किंवा दिव्याने अथवा भोंग्याने एक ऱ्हस्व, एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व असा संकेत देतात. त्याचा अर्थ ‘ताबडतोब थांबा’ असा आहे. प्रत्यक्षात भरलेले मोठे तेलवाहू जहाज इंजिन बंद केल्यावरही काही किलोमीटर पुढे जातच राहते. त्यामुळे त्याचा वेग उतरू लागला आहे का, हे पाहण्याइतका धीर युद्धनौकेला धरावाच लागतो.

हा धीर सुटला की काय होते, हे ‘सायगा’ प्रकरणात दिसले. १९९७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या गस्ती नौकेने या तेलवाहू जहाजावर गोळीबार केला आणि त्या कारवाईत दोघे जखमी झाले. मालाने जड झालेले, पाण्यात खोल बसलेले ते जहाज फार तर १० नॉट (ताशी सुमारे १८ किलोमीटर) वेगाने जाऊ शकत होते. त्याला सहज गाठता आले असते. आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने १९९९ च्या निकालात रूढ क्रम स्पष्ट केला: आधी दिसणारा किंवा ऐकू येणारा संकेत, मग जहाजाच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, पाण्यात गोळी झाडण्यासारखे उपाय, आणि हे सर्व फसल्यावरच, पुन्हा इशारा देऊन व माणसांचा जीव धोक्यात येणार नाही याची सर्वतोपरी काळजी घेऊन, बळाचा वापर. गिनीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला, आणि आपला संकेत पोहोचवण्याची जबाबदारी थांबवणाऱ्याचीच असल्यामुळे मला तो निकाल पूर्णपणे न्याय्य वाटतो.