कॉल सेंटरमध्ये टीम लीडर होताना: माझा अनुभव

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये हेडसेट लावून बसायला बारावी आणि बरं हिंदी-मराठी पुरतं. तिथून टीम लीडर व्हायचं तर आयजेपी द्यावी लागते, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठी निघालेल्या जागेची निवड. मी ती देऊन आलेय, त्यामुळे तयारी नेमकी कशाची करायची ते सांगते.

आयजेपीची मेल आली की आधी पात्रता वाचा. साधारणपणे त्याच प्रोसेसमधला (म्हणजे त्याच क्लायंटच्या कामातला) ठरावीक काळ, मागच्या काही महिन्यांचा क्वालिटी स्कोअर (तपासलेल्या कॉलना मिळालेले गुण), सीसॅट (सर्व्हेत समाधानी निघालेल्या ग्राहकांचं प्रमाण) आणि हजेरी बघतात. वॉर्निंग लेटर किंवा पीआयपी (कामगिरी सुधारायला दिलेली मुदत) चालू असेल तर अर्ज तिथेच बाद. चांगले चांगले एजंट हजेरीवर अडकतात. रोस्टर (शिफ्टचं वेळापत्रक) लागायच्या आधी मंजूर झालेली रजा प्लॅन्डमध्ये धरतात. शिफ्टच्या तासभर आधी मेसेज टाकला की ती अनप्लॅन्ड. मे महिन्यात घरात लग्न असेल तर तारीख ठरल्या दिवशीच सिस्टिममध्ये रजा टाका.

एएचटीचं, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेचं, वेड फार असतं, पण ती कुठे कापायची हे कळायला हवं. समजा बोलणं २६० सेकंद, होल्ड ४० आणि कॉलनंतरचं रॅपअप (नोंदी करण्याचं काम) ६०, म्हणजे एएचटी ३६०. बोलणं घाईत उरकलं तर ग्राहक उद्या परत फोन करतो, एफसीआर (पहिल्याच कॉलमध्ये काम होण्याचं प्रमाण) पडतो आणि सीसॅटही जातो. त्यापेक्षा ग्राहक बोलत असतानाच नोट्स टाइप करा, टॅगिंगचे (कॉल कशाबद्दल होता ते नोंदवायचे) नेहमीचे कोड पाठ ठेवा. रॅपअप २० वर येतं. होल्ड लांबतो तो बहुधा माहिती कुठे आहे हे ठाऊक नसल्याने.

क्वालिटीत फेटल एरर सगळ्यात घातक. पडताळणी न करता खात्याची माहिती दिली, ओटीपी मागितला, चुकीची माहिती दिली की बाकी कॉल कितीही गोड असो, बऱ्याच प्रोसेसमध्ये स्कोअर थेट शून्य. ऑडिट (कॉलची तपासणी) चुकीचं वाटलं तर डिस्प्यूट (हरकत) मुदतीतच टाका, कॉलमधल्या नेमक्या मिनिट-सेकंदासकट. ‘मी नीट बोललो होतो’ एवढ्यावर कोणी रेकॉर्डिंग उघडत नाही.

मुलाखतीत खरी चाळणी एक्सेलची. पिव्होट आणि व्हीलूकअप हातचे हवेतच, पण फसवतो तो सरासरीचा प्रश्न. एका एजंटला २ सर्व्हे आले, दोन्ही चांगले: १०० टक्के. दुसऱ्याला २०, त्यातले १२ चांगले: ६० टक्के. टीमचा सीसॅट किती? बहुतेक जण ८० सांगतात. बरोबर उत्तर २२ पैकी १४, म्हणजे ६३.६. पुढचा प्रश्न ठरलेलाच: मग कोचिंग कोणाला आधी? ज्याच्याकडे सर्व्हे जास्त आणि स्कोअर कमी, त्याला. टीमचा आकडा तोच हलवतो.

मग कोचिंगचा रोल-प्ले. समोरचा मॅनेजर एएचटी वाढलेला एजंट बनून बसतो आणि कारणं सांगत राहतो. इथे भाषण देऊ नका. त्याचा एक कॉल ऐकवा, वेळ कुठे गेला ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, एकच सुधारणा ठरवा आणि पुन्हा कधी तपासणार तो दिवस सांगा.

निवड झाल्यावर मात्र हुरळून जाऊ नका. एजंटचा इन्सेंटिव्ह बंद होतो का, नवा पगार कोणत्या महिन्यापासून, हे पत्रात लिहून घ्या. ‘सध्या अ‍ॅक्टिंग टीएल (टीम लीडर) म्हणून बघा’ म्हटलं तर कधीपर्यंत, ते मेलवर विचारा. नाहीतर काम टीएलचं आणि पगार एजंटचा, असं लोंबकळत राहतं. मुलींनी शिफ्टचंही विचारावं: राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंतच्या कामाला तुमची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय कंपनीने करायची असते. टीएलची शिफ्ट टीमच्या शेवटच्या लॉगआउटनंतरही लांबते, तेव्हा कॅबची वेळ त्या हिशेबाने मागून घ्या.