वाफ, एन्चिलाडा आणि डेड एअर

टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या मेक्सिकन पोळीच्या, पाकिटामागे जो टोल-फ्री नंबर छापलेला असतो, तो निदान एका अमेरिकन कंपनीच्या बाबतीत पुण्यात, खराडीत वाजतो. उचलणाऱ्यांपैकी मी एक. मे महिन्यात त्यांचा सेंट्रल टाइम आपल्या साडेदहा तास मागे असतो, म्हणजे त्यांची सकाळी नऊची लाइन आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला उघडते आणि पहाटे साडेतीनला बंद होते.

आमच्या प्रोसेसमध्ये दिवाळीपेक्षा ५ मेचा धसका जास्त. १८६२ साली या दिवशी मेक्सिकन सैन्याने पुएब्लाला फ्रेंचांना हरवलं. खुद्द मेक्सिकोत, पुएब्ला सोडलं तर, त्याचा फार गाजावाजा नसतो. अमेरिकेत मात्र वर्षभर टॉर्टियाला हात न लावलेली माणसंही त्या दिवशी पाकीट उचलतात. मग ती फोडतात, मोडतात आणि आम्हाला फोन करतात.

कॉलचा साचा ठरलेला आहे. आधी विचारायचं, कुणाला काही लागलं-बाधलं का, पाकिटात काही भलतं सापडलं का. हो म्हटलं की कॉल दुसऱ्या टीमकडे. नाही म्हटलं की पाकिटाच्या चेनपाशी छापलेला लॉट कोड घ्यायचा; त्यावरून कारखाना, लाइन आणि वेळ कळते. शेवटी तक्रारीला कोड लावायचा. कोड पडला की कूपन आपोआप जातं. हे सगळं सहा मिनिटांत. ‘टेक्श्चर – तुटणे’ हा आमचा सर्वांत लाडका कोड. गर्दीच्या दिवशी पोरं तो झोपेत लावतात.

पहाटे तीनच्या सुमाराला एका सद्गृहस्थांचा कॉल आला. सत्तरीचे तरी असावेत. तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते, साडेसहाला घरी माणसं येणार होती आणि यांना तीसेक एन्चिलाडा, म्हणजे रश्शात बुडवून सारण भरलेल्या टॉर्टियाच्या गुंडाळ्या, करायच्या होत्या. पाकीट थेट फ्रिजमधून काढून त्यांनी गुंडाळायला घेतलं होतं. पहिल्याच वळणाला टॉर्टिया मधोमध उभी चिरली. मग चार-पाच तशाच उघड्या मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरवल्या. बाहेर आल्या तेव्हा मऊ होत्या. रश्शाचं पातेलं जवळ ओढेपर्यंत चिवट झाल्या आणि मग कडक. ‘तुमचा माल शिळा आहे,’ असं त्यांचं म्हणणं. तारीख बघितली तर चांगली तीन आठवडे पुढची होती.

अशा वेळी स्क्रीनवर दोन ओळी येतात. पहिली: ‘वापरण्यापूर्वी गरम करा.’ दुसरी: ‘अधिक लवचीकतेसाठी आमच्या गव्हाच्या टॉर्टिया वापरून पाहा.’ दुसरी वाचणं सक्तीचं आहे, तिला मार्क आहेत. मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले की नातीला सीलिअॅक आहे, म्हणून मक्याच्या आणल्या, नाहीतर या भानगडीत पडलोच नसतो.

सीलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने, कणकेला ताण देणाऱ्या चिकट प्रथिनाने, आतड्याच्या अस्तरालाच इजा होते. त्या घरात गव्हाच्या टॉर्टियाची शिफारस करायची? मी ती ओळ गिळली. उलट आधी त्यांना पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलंय का ते बघायला लावलं. मका मुळात ग्लूटेनविरहितच, पण त्याच छताखाली गव्हाची लाइन चालत असेल तर पीठ उडतं. अमेरिकेत २०१३च्या नियमाप्रमाणे ते शब्द छापायचे तर दहा लाखांत २० भागांपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. छापलेलं होतं. आजोबांचा आवाज तिथे पहिल्यांदा जरा खाली आला.

त्यांची अडचण मला लगेच कळली याचं श्रेय आमच्या ट्रेनिंगला नाही. मी बार्शीकडचा. पुण्यात मावशीच्या खाणावळीत ज्वारीच्या भाकरी थापून शिकलो. ज्वारीतही ग्लूटेन नाही, म्हणून पिठाला आधण घालून उकड काढावी लागते, नाहीतर भाकरीच्या कडा फाटतात. मक्यासाठी मेक्सिकोच्या लोकांनी याहून जबरी वाट काढली आहे. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, साल सुटतं ते धुऊन टाकतात आणि ओलं दळतात. चुन्यामुळे पिठाला चिकटा येतो, शिवाय मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पुढे पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गाठलं.

पण चुना लावूनही टॉर्टिया थंड झाली की ताठ होणारच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. निवताना तोच पुन्हा रांगेत बसतो आणि पाणी बाहेर ढकलतो. हे सर्वांत जोरात होतं ते गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकं फ्रिजमध्ये. साठेक अंशांच्या वर ओली उष्णता मिळाली की रांग मोडते आणि टॉर्टिया पुन्हा वळते, पण गरम असेपर्यंतच. आजोबांच्या मायक्रोवेव्हने उष्णता दिली आणि ओल उडवून लावली. पाकिटावर हे लिहायला तीन ओळी पुरतील. तिथे सध्या सोंब्रेरो, म्हणजे रुंद काठाची मेक्सिकन टोपी, घातलेला कणसाचा दाणा नाचतोय.

मी विचारलं, झाकणाचं जड पातेलं आहे? आहे. स्टीलची चाळण? आहे. स्वच्छ जाड टॉवेल? त्यांना वाटलं काहीतरी सांडलंय आणि मी पुसायला सांगतोय.

आधी गठ्ठा सुटा करायचा. फ्रिजमधल्या टॉर्टिया एकमेकींना चिकटतात आणि लोक कडेला चिमटीत धरून वर ओढतात. निम्म्या तिथेच जातात. गठ्ठा आडवा हातात धरून हलका मागे-पुढे वाकवायचा, हवा शिरली की वरची सरकवून काढायची. मग दहा-बाराचा गठ्ठा टॉवेलमध्ये नीट गुंडाळायचा. टॉवेल कशाला, असं हमखास विचारतात. झाकणावर साठलेलं पाणी थेट टॉर्टियावर ठिबकलं तर तिचा लगदा होतो. कापड ते पाणी पितं आणि वाफ तेवढी आत सोडतं. पातेल्यात तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी, त्यावर चाळण, त्यात पुरचुंडी, घट्ट झाकण. पाणी खळखळून उकळलं की एक मिनिट मोजायचं, गॅस बंद करायचा आणि १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही.

ही १५ मिनिटं आमच्या धंद्यात कुठे बसतच नाहीत. कॉलवर दहा सेकंदांवर शांतता गेली की ‘डेड एअर’चा लाल ठिपका पडतो. कॉल संपवावा, तर पुन्हा लावेपर्यंत साडेतीन वाजणार आणि लाइन बंद. आजोबांनाही ते कळलं होतं. ‘यंग मॅन, फोन ठेवू नकोस,’ एवढंच म्हणाले.

मग आम्ही बोललो. मी मोडलेल्या टॉर्टियांचं सांगितलं: फेकू नका, त्रिकोणी कापून सुकवा, उद्या तळा. किंवा गुंडाळूच नका, थरावर थर रचा. न्यू मेक्सिकोत एन्चिलाडा तशाही करतात. नातीच्या ताटात गुंडाळलेलीच हवी, असं त्यांचं म्हणणं. मध्येच त्यांनी झाकण उघडून बघितलं. दुसऱ्याच्या घरातल्या पातेल्यावर आपला हात पोचत नाही, याचा इतका राग मला कधी आला नव्हता. पुन्हा गॅस, पुन्हा एक मिनिट, पुन्हा घड्याळ.

टीएल, म्हणजे टीम लीडर, माझ्या मागे येऊन उभा राहिला, स्क्रीनवरचा टायमर बघितला, भुवया वर केल्या. माणूस वाईट नाही. त्याच्यावरही कुणीतरी उभं असतं.

पुरचुंडी उघडली तेव्हा पलीकडून ‘हात भाजतोय’ अशी ओरड आली. म्हटलं, तेच पाहिजे. एकेक काढा, उरलेल्या झाकलेल्या राहू द्या. आता तव्यात थोडं तेल तापवून एकेक टॉर्टिया दोन्हीकडून काही सेकंद बुडवायची. कुरकुरीत व्हायच्या आत बाहेर. तेलाचा पातळ थर बसला की ती रश्शात चटकन विरघळत नाही. मग रश्शातून काढायची, सारण, गुंडाळी, जोड खाली. ‘वळली!’ ते म्हणाले. थोड्या वेळाने, बहुधा स्वतःशीच, ‘ही पण.’ दुसरा गठ्ठा त्यांनी मला न विचारता लावला.

कॉल ४० मिनिटांच्या वर गेला. क्वालिटीवाल्या मॅडमनी नेमका तोच ऐकायला काढला. डेड एअर, वेळ, स्क्रिप्टबाहेरचा सल्ला आणि ‘अनिवार्य शिफारस वगळली’. या शेवटच्या चुकीला थेट शून्य. सीलिअॅकचं सांगितलं, तर म्हणाल्या, ‘फॉर्ममध्ये तसा अपवाद नाही.’ त्यांच्या जागी त्या बरोबर, आणि तेच मला जास्त झोंबलं. ग्राहकाने पाचपैकी पाच तारे दिले, ते वेगळ्या रिपोर्टला लागतात.

खरा पेच कोडचा. मी ‘टेक्श्चर – तुटणे’ लावला, कारण ‘माल ठीक, गरम करण्याची रीत माहीत नाही’ असा कोडच नाही. हे आकडे महिनाअखेर कारखान्याकडे जातात. तिथे कुणीतरी तक्ता बघून म्हणणार, टॉर्टिया फार तुटतायत, गम (पीठ धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) वाढवा. पाकिटावर बघा, सेल्युलोज गम आणि ग्वार गम आधीच आहेत; तो ग्वार म्हणजे आपली गवार, आणि जगातली बहुतेक राजस्थानाकडची. गम वाढला की टॉर्टिया थंडही वळते आणि खाताना रबरासारखी लागते. मग रबराच्या तक्रारी आमच्याकडेच येणार. त्याला कोड आहे.

मी दोन सुधारणा लिहून पाठवल्या. ग्लूटेनचा उल्लेख झाल्यास गव्हाची शिफारस करू नये, ही लगेच मान्य झाली. त्यात वकिलांना रस होता. वाफेच्या तीन ओळी अजून ‘अंडर रिव्ह्यू’ आहेत. तोवर रात्री तीन वाजता कुणाची टॉर्टिया चिरली, तर आधी विचारतो, झाकणाचं पातेलं आहे का.