कथेतलं नवं मूल मधल्या सुट्टीत कुठे बसेल?

निरनिराळ्या भाषांची, धर्मांची, ऐपतीची मुलं एकत्र शिकतात अशा शाळेत आपलं पात्र पाठवायचं असेल, तर त्याचा स्वभाव ठरवण्याआधी शाळेचं वेळापत्रक लिहून काढा. वर्गात कोणी कुठे बसायचं हे शिक्षक ठरवतात, म्हणून वर्ग मिसळलेला दिसतो. मधल्या सुट्टीत मुलं आपापली जागा निवडतात आणि घोळके पडतात. समाजशास्त्रज्ञ जेम्स मूडी यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या शाळांचा अभ्यास मांडला. शाळेत सगळ्या वंशांची मुलं असली म्हणून मैत्री आपोआप मिसळत नाही, पण जिथे खेळ, नाटक, वाद्यवृंद यांत मुलं मिसळतात तिथे ही फूट कमी दिसते, असं त्यात आढळलं. त्यामुळे दोन घोळक्यांतल्या मुलांची पहिली खरी ओळख तालमीत किंवा मैदानावर घडवा. जेवणाच्या टेबलावर ती ओढूनताणून आणलेली वाटते.

भाषेच्या बाबतीत बहुतेक कथा घसरतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार नव्या भाषेत रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे बाराव्या वर्षी आलेली मुलगी चौदाव्या वर्षी मैदानावर फटाफट बोलेल, मात्र इतिहासाच्या उत्तरात अडकेल. शिक्षकांना वाटेल, ही आळशी आहे. कथेचं बीज या गैरसमजातच आहे! तिचे संवाद लिहिताना व्याकरण मोडून हशा पिकवू नका. वाक्यं आखूड ठेवा, आणि तिचं उत्तर तयार होईपर्यंत विषय बदललेला दाखवा. या वयात ते मनाला फार लागतं.

गटातल्या कामाचा प्रसंग हवा असेल, तर मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात सुरू केलेली पद्धत उपयोगी पडते. पाच-सहा मुलांचा गट करायचा आणि धड्याचा एकेक भाग एकेकाकडे द्यायचा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. पण मैत्री लगेच जुळवू नका. आधी मुलं अडखळणाऱ्यावर वैतागतात, टोमणे मारतात. परीक्षा जवळ आली की मगच त्याला नीट प्रश्न विचारायला लागतात. हा मधला टप्पा गाळला, तर पुढचा गोडवा खोटा वाटतो.

एका समाजाचं एकच पात्र ठेवलं की ते त्या समाजाचं प्रवक्ता होऊन बसतं. त्याच समाजातलं दुसरं मूल आणा आणि दोघांचं एखाद्या गोष्टीवर पटू देऊ नका: एकाला घरची भाषा शाळेत बोलायची लाज वाटते, दुसरा मुद्दाम मोठ्याने बोलतो. पैशाचा फरकही विसरू नका. सहलीची वर्गणी भरायची शेवटची तारीख आली की धर्म-भाषेपलीकडच्या वेगळ्याच जोड्या दिसतात.

लिहून झालं की मधल्या सुट्टीतल्या बसण्याचे तीन नकाशे काढा: पहिल्या आठवड्याचा, तिसऱ्या महिन्याचा, वर्षअखेरचा. शेवटच्या नकाशात सगळे एकाच टेबलावर आले असतील, तर मागे जाऊन पाहा, प्रत्येकाला तिथे आणणारा प्रसंग लिहिला आहे का. ज्याच्यासाठी तो सापडत नाही, त्याला जुन्या जागीच बसू द्या.