सोळा नंबरच्या विहिरीजवळचा खड्डा

पावसाळा ओसरला की डम्पिंगवरच्या गॅसविहिरी, म्हणजे कचऱ्यातला गॅस ओढून घ्यायला ढिगात पाडलेल्या विहिरी, त्रास द्यायला लागतात. चार महिन्यांचं पाणी ढिगात मुरलेलं असतं, ढीग जागोजागी खचलेला असतो, पाइपांना झोळ पडतो आणि त्या झोळात पाणी बसून गॅसची वाट अडते. म्हणून सकाळी ब्लोअर, म्हणजे गॅस ओढणारा पंखा, बंद पडल्याचा फोन आला तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. पण पॅनलवर कारण वेगळंच होतं. मुख्य पाइपातला ऑक्सिजन वाढला होता आणि यंत्रणेने स्वतःहून ब्लोअर थांबवला होता.

मुंबईतल्या एका बंद केलेल्या डम्पिंग ग्राउंडवर मी पर्यावरण अभियंता म्हणून काम करते. कचऱ्यातला ओला भाग हवा न लागता कुजतो आणि त्यातून जो गॅस निघतो त्यात जवळपास निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. वीसच वर्षांचा हिशोब केला तर ८० पटींच्या वर. तो हवेत सुटू द्यायचा नाही, एवढ्यासाठी आमचा खटाटोप. ढिगावर मातीचं आच्छादन घालायचं, त्यात विहिरी पाडायच्या, छिद्रं असलेला एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, पाइप उतरवायचा, भोवती खडी भरायची आणि वरचं तोंड बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीने बंद करायचं. मग ब्लोअरने गॅस ओढून फ्लेअरमध्ये, म्हणजे त्यासाठीच्या बर्नरमध्ये, जाळायचा, पुरेसा असेल तर इंजिनाला देऊन वीज काढायची. सगळी कसोटी त्या ओढीत असते. कमी पडली तर गॅस मातीतून निसटतो, जास्त झाली तर बाहेरची हवा आत येते. आणि आत हवा आली की आग लागायला फार वेळ लागत नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्याच देवनारच्या डम्पिंगला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता.

मी अॅनालायझर, म्हणजे गॅसमधले घटक मोजणारं यंत्र, घेऊन विहिरींची फेरी सुरू केली. सोबत मावशी होत्या. त्या मूळच्या जालन्याकडच्या. सासू-सासरे बहात्तरच्या दुष्काळात मुंबईत आले, आणि लग्न होऊन आल्यापासून मावशींनी याच ढिगावर कचरा वेचला. ढीग बंद झाला तेव्हा वेचणाऱ्यांपैकी मोजक्या बायकांना गवत काढणं, पाइपांवर नजर ठेवणं अशी कामं मिळाली, त्यांतल्या त्या एक. कोणत्या भागात कोणत्या वर्षी काय टाकलं हे आमच्या नकाशात नाही. ते मावशींना विचारावं लागतं.

सोळा नंबरच्या विहिरीवर आकडे बिनसलेले दिसले. मिथेन एरवी पन्नास टक्क्यांच्या वर असायचा, तो ३८ वर आला होता. कार्बन डायऑक्साइड ३१, ऑक्सिजन ४.५, उरलेला सगळा नायट्रोजन. म्हणजे हवा आत घुसत होती आणि तिच्यातला काही ऑक्सिजन आत खाल्लाही जात होता. तापमान ५८ अंश. ५५ च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. मी विहिरीचा व्हॉल्व्ह बंद केला. तेवढ्यात मावशी उताराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, तिकडची माती हाललेली हाय."

खाली झुडपाआड खड्डा होता. कमरेएवढा खोल, एक माणूस बसेल एवढा रुंद. आच्छादनाची माती फोडून कुणीतरी थेट कचऱ्यापर्यंत पोचलं होतं. काठावर गंजलेल्या सळ्यांचा लहानसा ढीग लावून ठेवलेला. आणि खड्ड्याच्या अगदी तोंडाशी काळी, चिकट राख, तिच्यात वितळलेल्या प्लास्टिकच्या गुठळ्या आणि राखेच्या कडेने निघणारी धुराची बारीक रेघ. तांबं काढण्यासाठी केबल जाळली होती. मी गॅसचा डिटेक्टर पुढे केला तसा तो ओरडायला लागला. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगी पुरते, आणि इथे अख्खी शेकोटी पेटवलेली. मला तिथे उभ्याउभ्या घाम फुटला. हे करणारा जिवंत घरी गेला हे त्याचं नशीब.

सगळ्यांना मागे घेतलं. वॉचमन पाण्याचा पाइप ओढत आला, त्याला थांबवलं. अशा जागी आधी हवा तोडावी लागते. विहिरीतल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते नळीने तपासलं. तो हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भागांच्या) वर गेला तर आत आग धुमसते आहे असं धरतात. आमचा आकडा दीडशेच्या आसपास थांबला, तेव्हा कुठे जीवात जीव आला. राख फावड्याने लांब नेऊन मातीत पुरली, जेसीबीने चिकणमाती आणली, खड्डा थराथराने भरून दाबून घेतला. दुपारपर्यंत ब्लोअर पुन्हा सुरू झाला. सोळा नंबर बंदच ठेवली, तापमान उतरेपर्यंत.

खरा पेच त्यानंतर उभा राहिला. सिक्युरिटीच्या माणसांना पोलिसांत तक्रार द्यायची होती. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगं आमच्या गल्लीतलंच हाय. ढीग चालू व्हता तवा त्याची आय हितंच येचायची. आता तिला काम न्हाई. हितं खाली गॅस हाय, हे त्याला कुनी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. फाटकावरच्या पाटीवर 'प्रवेश निषिद्ध' लिहिलं होतं, का ते लिहिलं नव्हतं. संध्याकाळी मावशी त्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आल्या. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, बोटांवर भाजल्याचे डाग. मी त्याला अॅनालायझरचा आकडा दाखवला, गॅस कुठून येतो ते सांगितलं. त्याची आई एवढंच म्हणाली, "म्याडम, ढिगानं आमाला जेवू घातलं. तुमी त्याच्यावर झाकन घातलं." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तक्रार दिली गेली नाही, कारण माझ्या अहवालात मी ती नको असं कारणांसह लिहिलं आणि वरिष्ठांनी ते मानलं.

डम्पिंग बंद करून गॅस पकडणं हे चांगलंच काम आहे, त्यात मला शंका नाही. पण ज्या मातीखाली मिथेन अडतो, त्याच मातीखाली शेकडो घरांची मिळकतही अडते, आणि प्रकल्पाच्या हिशोबात फक्त मिथेन धरला जातो. ब्राझीलमध्ये रिओजवळचं जार्दिम ग्रामाशो हे प्रचंड डम्पिंग २०१२ मध्ये बंद झालं. तिथल्या वेचकांच्या संघटनेने गॅसच्या कमाईवर हक्क सांगितला आणि सुमारे १,७०० जणांना प्रत्येकी जवळपास १४ हजार रेआइस (ब्राझीलचं चलन) भरपाई मिळाली. पुढे वस्तीसाठी दिलेली बरीच आश्वासनं हवेत विरली, हेही खरं. तरी गॅसच्या पैशावर वेचणाऱ्यांचा हक्क आहे हे तिथे मान्य झालं, आणि आपल्याकडे तेवढीही चर्चा होत नाही.

मात्र गॅसवर सगळ्यांचं पोट भरेल असं सांगणं ही फसवणूक होईल. आपला कचरा ओला, हवा दमट. गॅस लवकर तयार होतो आणि ढीग बंद झाल्यावर तितक्याच लवकर उतरतो. विहिरींची देखभाल करायला हात लागतात तेही थोडेच. जास्त हातांना काम मिळतं ते कचरा ढिगावर पोचायच्या आधी. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास उपक्रमात वेचणाऱ्या बायकांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण पद्धतीचे बायोगॅस प्रकल्प चालवायला घेतले. तोच ओला कचरा, तोच मिथेन. पण टाकीत बंद, हाताशी, आणि चालवणारीला ठरलेला पगार. २०१६ च्या घनकचरा नियमांतही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं होतं.

पुढच्या आढावा बैठकीत मी खड्ड्याचे फोटो लावले आणि तीन मागण्या मांडल्या. वस्तीतल्या माणसांना गॅस तपासणीचं प्रशिक्षण द्यावं, वॉर्डातला ओला कचरा जिरवण्याचं काम जुन्या वेचणाऱ्या बायकांच्या गटाला मिळावं, आणि केबल सोलायला यंत्र असलेली, आगीवाचून तांबं काढता येईल अशी शेड उभी करावी. पहिली लगेच मंजूर झाली. मावशी आता अॅनालायझर स्वतः लावतात, आकडे वहीत लिहितात, आणि ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या वर गेला की मला फोन करतात. त्यांच्या हाताखाली त्या मुलाची आईही शिकते आहे. ओल्या कचऱ्याच्या कामाचा प्रस्ताव वॉर्ड ऑफिसात आहे. शेडला जागा नाही असं उत्तर आलं. वजनकाट्यामागची जागा रिकामी पडून आहे, तिचं मोजमाप जोडून मी अर्ज पुन्हा दिला आहे.