काळी एकचा गंधार

व्हायोलिन सुरू करून दीड वर्ष झालं होतं आणि मी वाजवायला बसलो की घरातले हळूच दार लोटून घ्यायचे. बायको कधी काही बोलली नाही. मुलगी बोलली. "बाबा, तो तिसरा सूर दर वेळी वेगळाच लागतो." तिसरा म्हणजे गंधार. मी शिकत होतो भूप राग, आणि भूपात वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधारच. म्हणजे जिथे थांबायचं, नेमका तिथेच माझा पाय घसरत होता.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. बोट तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी सूर गेला. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप होतं, पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही, नुसती वरची झिणझिण. माळ्यावर मुलीचा जुना कीबोर्ड पडला होता, तो खाली काढला.

माझी पट्टी काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा माझा सा. काळी एक आणि काळी चार, म्हणजे सा आणि प, दाबून ठेवायचे आणि वर वाजवत राहायचं, एवढाच बेत. पण दोन्ही हात व्हायोलिनला गुंतलेले. शेवटी आइस्क्रीमच्या काड्यांना कागद गुंडाळून त्या पट्ट्यांच्या फटींत खोचल्या. पियानोचा आवाज पट्टी दाबलेली असली तरी विरतो, म्हणून ऑर्गन लावला आणि इथे माझे आठ दिवस फुकट गेले. दोन सूर जवळजवळ असले पण एक नसले की आवाज डुलतो. ते डुलणं ऐकूनच मला चूक ओळखायची होती, आणि तो ऑर्गन मुळातच थरथरणारा! डुलतोय कोण, मी की कीबोर्ड, कळेना. मी आपला खुंट्या पिळत बसलो, त्यात वरची तार तुटली. मग एक साधा, सपाट आवाज शोधला, आवाज थरथरवणारे-घुमवणारे कोरस-रिव्हर्ब बंद केले, तेव्हा कुठे तारा लागल्या.

आता गंधार. काळी एकचा गंधार पांढरी चार. ती पट्टी वाजवायची आणि त्यावर बोट बेतायचं, पंधरा दिवस हेच. क्लासमध्ये तानपुऱ्यावर भूप सुरू केला आणि सरांनी लगेच हात वर केला. "गंधार चढलाय. कुठून आणलात हा?" कीबोर्ड म्हटल्यावर हसले. "पेटीचा गंधार आहे तो."

घरी येऊन हिशोब मांडला. कीबोर्डवर, पेटीसारखेच, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. काळी एकचा मधला सा २७७ हर्ट्झ. तानपुऱ्याशी मुरणारं सा आणि ग यांचं ४:५ प्रमाण धरलं, तर गंधार येतो साधारण ३४६.५ वर, आणि कीबोर्डची पांढरी चार ३४९ च्या जरा वर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. पंचमात हाच फरक जेमतेम अर्ध्या हर्ट्झचा, कानाला टोचत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, त्यामागचं एक कारण मला माझ्या मधल्या बोटाने असं समजावलं.

तेव्हापासून काड्या फक्त सा-प वर. गंधार त्या साच्या अंगाने शोधायचा. बोट केसभर खाली, केसभर वर, आणि एका जागी दोन्ही आवाज असे मुरतात की खोलीतला आवाज वाढल्यासारखा वाटतो. मग मुलीला हाक मारायची, ती येऊन पांढरी चार दाबते. हेलकावे आले तर ठीक. सगळं शांत वाजलं तर समजायचं, आपण पुन्हा पेटीकडे गेलो. "बेसूर लागलं की बरोबर? काहीही हं बाबा," म्हणते, पण दाबते.

धैवत अजून राहिलाय. तिथे फरक चार हर्ट्झच्याही वर, म्हणजे ओळखायला खरं तर सोपा. पण पंचमाच्या तारेवर पहिलं बोट टेकलं की ते अजूनही काळी पाचकडेच ओढलं जातं.