व्होल्टेज, स्टॅबिलायझर आणि बिलातल्या खालच्या ओळी

बडोद्यात मे महिन्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात फ्रिजचा स्टॅबिलायझर टकटक करत बसतो, आणि पहाटे लोड उतरला की तेच व्होल्टेज 250 च्या आसपास. शेजारच्या काकूंचं ठाम मत, जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त बिल. अर्धंच खरंय ते. 230 व्होल्टसाठी बनवलेली हीटरची कॉइल 250 वर साधारण 18 टक्के जास्त वॉट ओढते, पण गीझरमध्ये पाणीही लवकर तापतं, थर्मोस्टॅट लवकर बंद करतो, युनिट जवळपास तेवढेच.

खरी भीती न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची. एका घरात दिवे भगभगीत आणि दुसऱ्यात मंद दिसले तर न्यूट्रल सैल झालाय किंवा तुटलाय असं समजा, तेव्हा 230 च्या जागी 300 च्या वरही जाऊ शकतं, सरळ मेन स्विच पाडा आणि तक्रार करा, स्टॅबिलायझरच्या भरवशावर बसू नका.

आता बिल. फिक्स्ड चार्ज मंजूर लोडप्रमाणे, म्हणजे कनेक्शनला जेवढे किलोवॉट मंजूर आहेत त्याप्रमाणे लागतो, घराला कुलूप लावून महिनाभर पुण्याला राहिलात तरी. मग एफपीपीपीए, म्हणजे इंधन आणि वीजखरेदीच्या भावातला फरक, तो दर युनिटमागे लागतो, म्हणून नुसता स्लॅबचा दर धरून हिशोब केला की कधीच जुळत नाही. वर टक्क्यांत ड्यूटी, म्हणजे विजेवरचा सरकारी कर. लपवलेलं काही नसतं म्हणा, छापलेलं असतं सगळं, पण अक्षर इतकं बारीक की काकूंनी भिंगच आणलंय.