मोठं माणूस: नही

मंगळवार, रात्र

ताईची बारकी तिचं पुस्तक इथेच विसरून गेली म्हणून ते उघडलं गेलं. लहान मुलांनी स्वयंपाक शिकावा म्हणून काढलेलं, गुळगुळीत कागदाचं इंग्रजी पुस्तक. केळ्याच्या केकच्या पानावर सामानाच्या यादीपुढे तिने पेन्सिलीने एकेक शब्द लिहिलाय. ओव्हन: नही. व्हॅनिला: नही. अंडी: नही, आजी. बटर पेपर: नही. केळी: शे, म्हणजे आहेत. इथवर मला हसू आलं. पण पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल चौकट आहे, 'मोठ्या माणसाला सोबत घ्या' अशी. तिच्यापुढेही तितक्याच गोल अक्षरात लिहिलंय, नही.

चिडून लिहिलेलं नाही, पेन्सिल दाबलेलीही नाही. दुकानदार फळीवरचा माल बघून वहीत टिपतो, तसं.

दुकान आहे, लग्नसराई आहे, ताईचं ते तसं आहे. मे महिन्यात अमळनेरात दुपारी कोण शुद्धीवर असतं? कुणालाच बोल लावता येत नाही, आणि तरी तो शब्द काही डोक्यातून जात नाही. 'अंडी: नही'ला पर्याय असतो. याला काय देणार?

ओव्हनचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी ते लिहून टाकते. जाड बुडाची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची कढई. नॉनस्टिक नको, रिकामी तापवली की तिचा थर खराब होतो. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर कुकरमधली जाळी, वर घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं रिकामी तापवायची, मग डबा आत ठेवून आच बारीक करायची. साधारण ४५ ते ५५ मिनिटं लागतात. ते मीठ जेवणात परत वापरायचं नाही, बरणीत भरून ठेवलं तर पुढच्या केकला चालतं. पुष्कळजण कुकर वापरतात. त्यात शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढावी लागतात आणि पाणी अजिबात घालायचं नसतं. पण मुलांसाठी मला कुकर पसंत नाही. डबा खोल बसतो आणि काढताना मनगट कडेला चटकतं. कढई पसरट, चिमट्याला जागा मिळते.

कढईतल्या केकची एक खोड आहे. आच फक्त खालून, त्यामुळे वरचा भाग फिकाच राहतो. मूल तो फिका रंग बघून 'अजून कच्चा' म्हणून आणखी १५ मिनिटं ठेवतं आणि बूड करपतं. रंगावर जायचं नाही. मधोमध टूथपिक खुपसायची, ओलं पीठ न चिकटता आली की झालं. दुसरं म्हणजे झाकणावर वाफ जमून थेंब पडतात आणि केकवर खड्डे पडतात. झाकणाला आतून पातळ फडकं घेऊन टोकांची गाठ वर मारायची. टोकं खाली लोंबली तर आचेत जातील. म्हणजे हे काम मोठ्या माणसाचं. आलंच परत ते.

बटर पेपरचं एवढं काही नाही. डब्याला आतून तूप चोळायचं, चमचाभर मैदा भुरभुरायचा, डबा गोल फिरवून उलटा झटकायचा. व्हॅनिलाऐवजी अर्धा चमचा वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ. केळ्याला तेच जास्त शोभतं, हे माझं मत.

यादीखाली तिचा एक प्रश्नही आहे: 'कप म्हणजे चहाचा?' पुस्तक यावर गप्प. अमेरिकी मापाचा कप सुमारे २४० मिली, ऑस्ट्रेलियात २५०, आणि तिथला मोठा चमचाही १५ नव्हे तर २० मिलीचा. आपला चहाचा कप बहुतेक १५० च्या आतबाहेर. घरात सगळे सांगतात, 'सगळं एकाच वाटीने मोज, काही होत नाही.' मैदा, साखर, तेल इथपर्यंत ते खरं आहे, प्रमाण राहतं. पण सोडा वाटीने मोजत नाहीत, चमच्याने मोजतात. वाटी कपापेक्षा बरीच लहान आणि चमचा पुस्तकातलाच, म्हणजे सोडा जवळजवळ दीडपट पडला. केक आधी जोरात फुगतो, मग मधोमध बसतो, रंग काळपट येतो आणि जिभेला साबणासारखं लागतं. पोरगी म्हणणार, मला जमत नाही. तिला सगळं जमलेलं असतं, वाटी खोटी असते.

म्हणून वजनकाटा. मैद्याचा कप चमच्याने हलका भरून वर सुरीची पाठ फिरवली तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि तोच कप पिठात खुपसून भरला तर १४० ते १५०. दोन कपांत ४० ते ६० ग्रॅम मैदा जास्त, आणि केक कोरडा. सपाट चमचा, सपाट कप ही शिस्त बोस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ च्या आपल्या पाकपुस्तकातून रुजवली. आपल्या घरांत 'अंदाजाने घाल' हे कौतुकाचं वाक्य आहे. अंदाज ज्याला आहे त्याने म्हणावं ते. ज्याच्यासोबत अंदाजवालं कुणी उभंच नाही, त्याने काय करायचं?

याच्यावरून आठवलं. अमेरिकेत १९५७ मध्ये मुला-मुलींसाठी एक पाकपुस्तक निघालं, बेट्टी क्रॉकरच्या नावाचं. त्यातल्या पाककृती मुलांकडून घरी करवून घेऊन पारखल्या होत्या, आणि किती पिढ्या त्यावर शिकल्या. गंमत अशी की बेट्टी क्रॉकर नावाची बाई कधी नव्हतीच. एका पिठाच्या कंपनीने गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला १९२१ मध्ये बनवलेलं ते नाव. म्हणजे इतक्या पोरांना हाताला धरून केक शिकवणारं मोठं माणूस तिथेही 'नही'च होतं. हे लिहिताना जरा बरं वाटलं. पण फार वेळ नाही.

बुधवार

आज पुस्तकावरच राग काढते. ती लाल चौकट प्रत्येक पानावर आहे. लिंबू सरबताच्या पानावरसुद्धा. सगळीकडे धोका लिहिला की कुठेच लिहिला नाही. नेमकं कुठल्या क्षणी मोठं माणूस हवं, हे सांगायचं टाळून छापणाऱ्याने आपली मान सोडवून घेतली आहे. आणि मूल बिचारं प्रामाणिक. पहिल्याच ओळीत मोठं माणूस पाहिजे, ते नाही, पुस्तक बंद.

शिवाय ते पुस्तक थंड मुलखातलं. 'लोणी रूम टेंपरेचरला आणा' म्हणे. तिकडची खोली २० अंशांची. आपल्याकडे आत्ता पारा ४४, लोण्याचं तेल व्हायला वेळ लागत नाही, आणि पातळ लोणी साखरेबरोबर फेटलं तर त्यात हवा धरत नाही, केक दडस होतो. उन्हाळ्यात सरळ तेलाचा केक करावा. पावाचंही तसंच. यीस्टचं पीठ 'उबेत तासभर ठेवा' लिहिलंय. इथे मे महिन्यात अर्ध्या तासातच दुप्पट होतं, तासाने आंबट वास मारतं. डिसेंबरात मात्र दोन तास वाट बघावी लागते. घड्याळ बघू नकोस, पीठ दुप्पट झालं का ते बघ, एवढं एक वाक्य छापलं असतं तर जळगाव-धुळ्याकडची पोरं वाचली असती. नानकटाईचं तूपही आत्ता पातळच आहे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ते लोण्याइतकं घट्ट होऊ द्यायचं, नाहीतर गोळे पसरून एकमेकांना चिकटतात.

आणि भाजणं आपल्याला काय नवं? सुट्टीत मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यात घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, पत्र्याचे ट्रे रांगेत लावायचे, नानकटाईचा डबा भरून आणायचा, हे या गावांनी केलेलं आहे. तेव्हा घरात ओव्हन कुणाकडेच नव्हता आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. सोबत जायला माणसं मात्र होती. असो.

आपल्या पोरांसाठी कुणी पुस्तक काढलं तर पहिलं पान बट्टीचं हवं. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ ४०० ग्रॅम, मक्याचं १००, मीठ दीड चमचा, ओवा एक चमचा, हळद, चिमूटभर सोडा, ६० मिली तेलाचं मोहन. मोहन चोळून मूठ वळून बघायची, मूठ टिकली की पुरेसं. घट्ट मळायचं, लांब वळकट्या करायच्या, २० ते २५ मिनिटं वाफवायच्या. पूर्ण गार झाल्यावरच कापायच्या, गरम कापल्या तर भुगा होतो. भूक लागलेल्या पोराला थांबायला शिकवणारी याहून चांगली पाककृती मला माहीत नाही. तळण मोठ्यांचं. तळायचं नसेल तर तुकड्यांना तूप लावून त्याच मिठाच्या कढईत खरपूस करायचे. दुसरं पान डुबुक वड्यांचं. रस्सा खदखदत असतानाच बेसन सोडायचं, नुसता गरम असेल तर वडी विरघळून पिठलं होतं. पुढे भरीत आहेच. भाजण्याआधी वांग्याला टोचे मारायला सांगावं, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं.

गुरुवार, रात्र

पाककृती बारकीसाठी नव्याने लिहून काढली, मराठीत, वजनात. मैदा १८० ग्रॅम, साखर १००, सोललेली केळी ३००, तेल ८० मिली, गोडसर दही ६० ग्रॅम, खायचा सोडा पाऊण चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. चमचा ५ मिलीचा आणि सपाट. डबा १८ सेंटीमीटर म्हणजे ७ इंची, अर्ध्यापेक्षा फार वर भरायचा नाही. पुस्तकात '३ मध्यम केळी' आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या पुस्तकाला इथल्या केळीचा आकार कुठून ठाऊक असणार. इथली अडीचच पुरतात, म्हणून वजन करायचं. सालीवर काळे ठिपके आलेली घ्यायची. पिवळीधम्मक दिसायला छान, पण तिच्यातल्या सगळ्या पिठुळपणाची अजून साखर झालेली नसते, केकला ना गोडी येते ना वास.

केळी काट्याने कुस्करून त्यात साखर, तेल, दही. दुसऱ्या भांड्यात मैदा, सोडा, पावडर, मीठ चाळून. दोन्ही एकत्र केल्यावर लाकडी चमच्याने १२-१५ वेळा खालून वर, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. मुलांचं हटकून इथेच चुकतं. आवडतं काम असतं म्हणून फेटत बसतात, मैद्याला चिकटपणा सुटतो आणि केक रबरासारखा होतो. तसंच मिश्रण करून खेळायला जायचं नाही. दह्याशी भेट झाल्याबरोबर सोडा बुडबुडे सोडायला लागतो, उशीर झाला की बुडबुडे हवेत आणि केक खाली. कढई आधीच तापलेली हवी. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही, उघडलं की मधला भाग बसतो.

मग एकेका पायरीपुढे मीच खूण करत गेले, मोठं माणूस कुठे लागतं ते. वजन करणं, कुस्करणं, चाळणं, ढवळणं, डबा माखणं: नाही लागत. गॅस पेटवून कढई ठेवणं, फडकं नीट बांधलंय का बघणं: लागतं. डबा तापल्या कढईत ठेवणं: लागतं. शेवटी टूथपिक खुपसून डबा बाहेर काढणं: लागतं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. बाकी वेळ घरात नुसतं हजर असायचं, गॅस चालू असेपर्यंत. डाळ निवडत, मोबाइल बघत, कसंही.

पाच मिनिटं. एवढ्यासाठी मंगळवारपासून माझा जीव खालीवर. नुसतं हजर असणं त्यात धरलेलं नाही, हे मला कळतंय. ताईलाही कळत असणार. ते आत्ता राहू दे.

रविवारी दुपारी साडेतीन ही माझी कूलरसमोर आडवं व्हायची वेळ. ती गेली खड्ड्यात. आजीला शनिवारी रात्री दही विरजायला सांगायचं आणि सकाळी लगेच फ्रिजमध्ये टाकायचं, या उन्हात दुपारपर्यंत आंबून जाईल. वजनकाट्याचे सेल बघायचे. घरातला सोडा पापडांच्या वेळचा आहे, त्यावर लिंबू पिळून बघितलं तर नुसता सुस्कारा टाकतो. नवा आणायला बारकीलाच पाठवते, यादी करायची तिला सवय आहे.